मदत हवी आहे: अंतराळातल्या चवळीची ब्राउझर गेम, पाणी ठेवू की नुसता दिवा?

नमस्कार मंडळी,

जेएस१३के नावाची एक गेम जॅम असते दरवर्षी, १३ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर. ब्राउझरमध्ये चालणारी गेम करायची आणि कोड, चित्रं, आवाज सगळं मिळून झिप १३ केबीत बसवायची. १३ केबी म्हणजे नीट मोजून १३,३१२ बाइट, वर एक बाइट चालत नाही, आणि बाहेरून फाँट-बिंट ओढायचे नाहीत. थीम १३ ऑगस्टलाच कळते त्यामुळे सध्या माझं चाललंय ते सरावापुरतंच, पण आता यात जीव अडकलाय.

तर इस्रोनं ३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही-सी६० सोडलं ना, त्यात पोएम-४ वर (म्हणजे रॉकेटचाच शेवटचा टप्पा, जो प्रयोगांसाठी कक्षेत फिरत ठेवतात) क्रॉप्स नावाचा छोटा डबा होता आणि डब्यात चवळीचे ८ दाणे. चार दिवसांत मोड आले, मग पानंही फुटली. बातमी वाचून माझ्या डोक्यात आलं की हा वेल थांबलाच नाही तर? म्हणून माझ्या गेममधली चवळी महाहट्टी आहे, समोर तरंगत येईल त्याला विळखा घालते, स्क्रूड्रायव्हर, कुणाचा तरी मोजा, अँटेनाची वायर, काहीही. आपण तिला शेंग धरेपर्यंत जगवायचं आणि तिच्या तावडीतून कंट्रोल पॅनल वाचवायचं.

हातात दोन गोष्टी दिल्यात, झारी आणि दिवा. दिव्याचं जमलंय असं मला वाटतं. तिथे वर-खाली काही नसतं त्यामुळे शेंडा उजेडाकडे जातो आणि मूळ उजेडापासून लांब पळतं, दिवा फिरवला की वेल वळतो, बघायला भारी वाटतं. घोळ सगळा झारीचा आहे. शून्य गुरुत्वात पाणी खाली पडत नाही, त्याचा गोळा होतो, तो मुळाला चिकटून बसतो आणि जास्त झाला की मूळ गुदमरतं, हे सगळं मी गेममध्ये आणलंय. पण ज्याला खेळायला दिली तो पहिल्यांदा झारीच उचलतो, बदाबदा ओततो, झाड मारतो आणि मला विचारतो की यात करायचं काय असतं. सूचना लिहिल्या तर कुणी वाचत नाही आणि बाइट फुकट जातात. झारी काढली तर भाऊ म्हणतो ही बाग कसली, ही तर टॉर्चची गेम. काय करू?

आणखी दोन किरकोळ त्रास. मैत्रिणीच्या गेमिंग लॅपटॉपवर वेल दुप्पट वेगानं वाढतो. आणि मराठी संवाद एकेक अक्षर टाइप होत येतात त्यात ‘पृथ्वी’ आधी ‘पृथ्’ अशी पाय मोडलेली दिसते, मग सावरते. फार वाईट दिसतं ते.

झिपऱ्या: वेगाचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम, म्हणजे ब्राउझरचं पुढची फ्रेम काढायला सांगणारं फंक्शन, स्क्रीनच्या रिफ्रेश रेटनुसार (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं त्यानुसार) चालतं, मैत्रिणीचा स्क्रीन १२० किंवा १४४ हर्ट्झचा असणार. दर फ्रेमला ठरावीक वाढ देऊ नकोस, मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला त्यानं वाढीला गुण. आणि त्या वेळेला वरची मर्यादा घाल हं, कारण टॅब मागे गेला की फ्रेम थांबतात आणि परत आल्यावर अख्खा चहाचा वेळ एकदम मोजला जातो, चवळी थेट स्क्रीनच्या बाहेर. वेल लांब झाल्यावर अडखळतोय का? अडखळत असेल तर जुना भाग दुसऱ्या लपवलेल्या कॅनव्हासवर (चित्र काढायच्या पाटीवर) एकदाच काढून ठेव, दर फ्रेमला फक्त शेंडा.

मावळतीकर: संवादांसाठी इंटल सेगमेंटर, म्हणजे मजकूर अक्षरांत तोडून देणारी सोय, आहे ब्राउझरमध्येच, पण जुन्या ब्राउझरमध्ये तो जोडाक्षर हलंतापाशी तोडतो, म्हणजे तुमचा प्रॉब्लेम तसाच राहील. त्यापेक्षा अक्षर अक्षर सोडा, शब्द शब्द दाखवा. स्पेसवर तोडायचं, एका ओळीचा कोड, बाइटही वाचले. तसंही परीक्षण बाकीचे स्पर्धकच करतात आणि ते जगभरचे असतात, त्यामुळे शब्द जितके कमी तितकं बरं.

सी_प्लस_आजी: झारी अजिबात काढू नकोस गं! लोकांना ती उचलावीशी वाटते हीच तर गंमत आहे, तिचाच सापळा कर. तुला झिनियाची गोष्ट माहितीये का? २०१५ च्या शेवटी स्पेस स्टेशनवर झिनियाची रोपं होती, पाणी जास्त झालं, पानांतून पाणी पाझरायला लागलं, बुरशी आली. पाणी कधी घालायचं हे खालून, पृथ्वीवरून, वेळापत्रकाप्रमाणे ठरत होतं. तिथल्या अंतराळवीर स्कॉट केलीनं सांगितलं की रोपं बघून माझं मी ठरवतो, आणि जानेवारी २०१६ मध्ये फूल आलं. तुझ्या गेममध्ये खालून मेसेज येऊ देत, ‘पाणी घाला’, ‘अजून घाला’, अगदी ऑफिसच्या सुरात. काही खरे, काही चुकीचे. खेळणाऱ्यानं पान बघून ठरवायचं की ऐकायचं का नाही. शिकवणी वेगळी लागणारच नाही, पहिलं रोप मेलं की कळतं कुणाचं ऐकायचं नाही ते.

झिपऱ्या: आजी कडक! वर पंखा पण दे. तिथे गरम हवा वर जात नाही, पानाभोवतीची हवा तशीच साचून राहते, म्हणून खरोखर पंखे लावतात. पंख्यानं पाण्याचा गोळा ढकलता आला पाहिजे, म्हणजे जास्त ओतलं तरी निस्तरता येईल.

धागाकर्ती: आजी, हे म्हणजे एकदम सुटलंच की! मेसेज शब्दांऐवजी चिन्हांनी दाखवते, थेंबाचं चित्र आणि उद्गारचिन्ह, म्हणजे मावळतीकरांचा मुद्दाही मिटला, टायपिंगचा सगळा कोडच उडाला. पंखा मात्र तिसरं बटण होईल आणि मोबाईलवर आधीच दाटी आहे, म्हणून दिव्यालाच पंखा जोडते, जिकडे उजेड तिकडे वारा. म्हणजे गोळा हटवायला गेलं की वेलही वळणार आणि पॅनल धोक्यात. चालेल का असं, की फारच छळ होईल?

सी_प्लस_आजी: छळच पाहिजे. फक्त झाड मेल्यावर पुन्हा सुरू व्हायला क्षणभरही लावू नकोस, मेन्यू नको, काही नको, लगेच नवा दाणा. आणि आवाज पहिल्या क्लिकनंतरच सुरू कर, त्याआधी ब्राउझर वाजू देत नाही.

धागाकर्ती: आवाजाला झेडझेडएफएक्स नावाचं कोडनं आवाज बनवणारं छोटं साधन घेतलंय, एक केबीच्या आत बसतं. उजेड-वारा एकत्र करून लिंक टाकते रविवारपर्यंत. अँड्रॉइडचा जुना फोन कुणाकडे असेल तर हात वर करा प्लीज, माझ्याकडे सगळे नवे आहेत.