मदत हवी आहे: समुपदेशक मला काहीच सांगत नाहीत

कावलेली_ताई
भाऊ समुपदेशनाला जातो. फरक शून्य. आत काय बोलणं झालं विचारलं की मॅडम म्हणतात, त्याच्या परवानगीशिवाय सांगता येणार नाही. सोडायला मी, फी भरायला मी, आणि मलाच कळू द्यायचं नाही? दुसरा मानसशास्त्रज्ञ शोधू का? लवकर सांगा.

उंबरठा
कशासाठी जातो? वय? दारू, गोळ्या, जुगार?

कावलेली_ताई
दारूच, अजून काय! वय ३४.

उंबरठा
रोज पितो का? सकाळी उठल्या उठल्या लागते का? मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलंय की नुसतंच समुपदेशन? मानसशास्त्रज्ञ औषध लिहून देत नाहीत.

सरळमार्गी
समुपदेशन म्हणजे नुसत्या गप्पा. आमच्या काकांना भाजीतून गोळी दिली, महिन्यात सुटली. त्यांना आजतागायत पत्ता नाही.

उंबरठा
अहो, काय सांगताय! ती डायसल्फिराम असणार. ती पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, धडधडतं, रक्तदाब घसरतो. माणूस जाऊही शकतो. ती घेणाऱ्याला माहीत असलीच पाहिजे.

सरळमार्गी
काका ठणठणीत आहेत. पुस्तकी ज्ञान तुमच्यापाशीच ठेवा.

रेवा_आई
माझा मुलगा दिवसभर मोबाईलवर गेम खेळतो. हेही व्यसनच ना? नेट बंद करू का?

कावलेली_ताई
माझा धागा आहे हो हा! गोळी नकोय मला. परवा रात्री घरातल्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या, तेव्हापासून थेंब नाही. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप नाही. आता कोपऱ्यात कोणीतरी उभं आहे म्हणतो. नाटकं करतोय की काय?

मनोव्यवसायी
नाटकं नाहीत. मी मानसशास्त्रज्ञ आहे. ताई, बाकी सगळं सोडा आणि त्याला आत्ताच्या आत्ता रुग्णालयात न्या, तातडीच्या विभागात. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतात, माणूस बरळतो, ताप चढतो. यात जीव जाऊ शकतो. तिथे ‘शेवटची कधी घेतली’ हे आधी सांगा. बी-१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिन द्यायचं का, तेही विचारा. त्याला एकटं सोडू नका, गाडी चालवू देऊ नका.

कावलेली_ताई
निघतोय. पण मॅडमचं काय?

मनोव्यवसायी
मॅडम बरोबर वागल्या. आतलं घरी पोचतं हे कळलं, की माणूस तिथेही घरच्यासारखंच खोटं बोलतो. जिवाला धोका असेल तर मात्र ही गोपनीयता बाजूला ठेवावी लागते, म्हणून आजचं त्यांना कळवा. तुम्ही माहिती देऊ शकता. अडचण त्यांनी तुम्हाला सांगण्यात आहे. तो तयार झाला तर एक सत्र एकत्र मागा. आणि स्वतःसाठी वेगळा समुपदेशक बघा. अल-अनॉनच्या बैठका तर खास दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच असतात.

सरळमार्गी
आता घरच्यांनाही पेशंट करा! धंदा आहे नुसता.

उंबरठा
अल-अनॉनला फी नसते.

रेवा_आई
माझ्या प्रश्नाचं कोणी बघेल का?

मनोव्यवसायी
रेवाताई, वेगळा धागा काढा. मुलाचं वय, झोप, शाळा आणि गेम थांबवल्यावर तो काय करतो, एवढं लिहा. तोवर नेट तोडू नका.