एडलवाइसबद्दल थोडंसं

'साउंड ऑफ म्युझिक' सिनेमाचा विषय निघाला की सगळे त्यातल्या 'डो-रे-मी' गाण्यावर येतात, इथल्या चर्चेतही तेच झालंय. गाणं गोडच आहे, पण मला 'एडलवाइस' जास्त जवळचं. शिटी वाजवून आपल्याच सात पोरांना रांगेत उभं करणारा कडक बाप, कॅप्टन, चक्क गिटार हातात घेऊन हे गातो आणि मुलं बघतच राहतात! पुढे नाझींनी ऑस्ट्रिया बळकावल्यावर तिथल्या साल्झबर्गच्या महोत्सवात तेच गाताना त्याचा आवाज दाटून येतो, तेव्हा त्याची बायको मारिया पुढे होऊन सूर सांभाळते, मग मुलं, मग सगळे प्रेक्षक. लहानपणी नाझी वगैरे काही कळत नव्हतं, तरी तिथे आवंढा यायचाच. गीतकार हॅमरस्टाइन यांनी लिहिलेलं हे शेवटचं गाणं; १९६५ चा हा सिनेमा बघायला ते राहिले नव्हते. कॅप्टन झालेल्या प्लमरसाठी गायलेत बिल ली, पण डोळ्यांतलं ते पाणी प्लमरचंच!