मदत हवी आहे: ओपनडब्ल्यूआरटी 21.02 वरून 24.10 वर जाताना ब्लॉकलिस्टचे नियम कोठे ठेवावेत?

आमच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्स-आधारित प्रणाली) 21.02 असून त्याला आता सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नसल्याने 24.10 वर जायचे आहे. जुनी सेटिंग्ज न ठेवता सर्व काही नव्याने मांडणार आहे. बॅकअप घेतला आहे आणि हार्डवेअरला नवी आवृत्ती चालते, त्यामुळे तो प्रश्न नाही.

अडचण फायरवॉलची आहे. 22.03 पासून आयपीटेबल्सऐवजी एनएफटेबल्सवर (दोन्ही लिनक्समधील नेटवर्क वाहतूक गाळण्याच्या यंत्रणा) आधारलेले फायरवॉल4 आले. आयपीटेबल्स-ट्रान्सलेट वापरून साधे नियम रूपांतरित झाले. परंतु रोखायच्या हजारो पत्त्यांची ब्लॉकलिस्ट आयपीसेटमध्ये (आयपीटेबल्ससोबत वापरायच्या पत्त्यांच्या संचात) आहे आणि ती रोज स्क्रिप्टने अद्ययावत होते. चाचणीच्या यंत्रावर ती फायरवॉल4 च्या टेबलात ठेवून पाहिली, तेव्हा फायरवॉल रीलोड होताच स्क्रिप्टने भरलेले पत्ते नाहीसे झाले. (ते टेबल दर वेळी नव्याने उभे राहते, हे कारण समजले आहे.)

मेमरी 128 एमबीच आहे, आणि रीलोडच्या वेळी क्षणभरही संरक्षण उठू नये, ही अट आहे. अशा स्थितीत फायरवॉल4 च्या सेटला फाइलमधून पत्ते भरू द्यावेत, की फॉरवर्ड हूकवर (राउटरमधून पुढे जाणारी वाहतूक तपासण्याच्या टप्प्यावर) आधीच्या प्राधान्याची साखळी (नियमांची मालिका) असलेले स्वतंत्र टेबल करावे, आणि दुसरा मार्ग घेतल्यास ते बूटच्या वेळी नेटवर्क सुरू होण्यापूर्वी कसे लोड करावे?