कार्डावर ‘वजन कमी’ आलंय, काय करू? (जुळे सोलापूर, सोसायटी ग्रुप)

बी-२०३ वहिनी: शाळेत आरोग्य तपासणी झाली. धाकट्याच्या कार्डावर १९ किलो आणि पुढं ‘वजन कमी’ असा शेरा आलाय. नुकताच सात पूर्ण झालाय. सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. कुठलं टॉनिक चालू करू?

सी-१०१ काका: आमच्या नातवाला दुधातली चॉकलेट पावडर दोन वेळा देतो. बघा कसा गुटगुटीत झालाय.

ए-३०२ बाई: वहिनी, टॉनिक आत्ता नको. कार्डावर उंची लिहिलीय का?

बी-२०३ वहिनी: नाही बाई, रकाना रिकामाच आहे.

ए-३०२ बाई: मग नुसत्या वजनावर घाबरू नका. वय, उंची, वजन तिन्ही मिळूनच काय ते कळतं. मी एवढी वर्षं शाळेत मुलं मोजली, घाई इथंच होते. पोराला अनवाणी भिंतीला उभं करा. टाचा, ढुंगण, खांदे भिंतीला टेकलेले, नजर सरळ समोर. डोक्यावर जाड पुस्तक आडवं दाबून धरा, खाली पेन्सिलची खूण करा, मग टेपनं मोजा. मुलगी असेल तर वरची वेणी, अंबाडा सोडायचा. वजन बूट, दप्तर काढून, काटा फरशीवर ठेवून.

बी-२०३ वहिनी: ११८ सेंमी भरली.

ए-३०२ बाई: वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, म्हणजे १९ भागिले १.१८ चा वर्ग, साधारण १३.६. हा बीएमआय, उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा. मोठ्या माणसांचं १८.५ च्या खाली वजन कमी धरतात, तो आकडा लहान मुलांना लावायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात सात वर्षांच्या मुलाचा मधला आकडा १५.५ आहे आणि १३.१ च्या खाली कृश धरतात. तुमचा सडपातळ आहे, कृश नाही. तीन महिन्यांनी त्याच काट्यावर परत बघा. वजन थांबलं किंवा घटलं तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.

सी-१०१ काका: आमचा आठ पूर्ण, ३२ किलो, १२६ सेंमी. २० च्या वर येतंय.

ए-३०२ बाई: काका, आठ वर्षांच्या मुलाला १७.४ च्या वर जादा वजन, १९.७ च्या वर लठ्ठपणा धरतात. डॉक्टरांना दाखवू या. पावडर बंद करा, तिच्यात साखर बरीच असते. आणि त्याला घरात कुणी ‘जाड्या’ म्हणू नका, उपाशी तर अजिबात ठेवू नका. रोज तासभर मैदानात सोडा.

डी-४०४ ताई: वॉचमन मामांच्या मुलीचं वजन उंचीच्या मानानं बरोबर येतंय, पण वर्गात सगळ्यांत बुटकी तीच.

ए-३०२ बाई: हेच मला जास्त खुपतं. फार दिवस पोटाला कमी पडलं की उंचीच खुंटते, मग बीएमआय ठीकच दिसतो. म्हणून वयाच्या मानानं उंची वेगळी बघायची. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असं प्रमाण आहे. ते एका जेवणाचं, बाकीचं घरीच मिळायला हवं. भाकरी, शेंगाचटणी, दही, घट्ट वरण, जमलं तर अंडं. जंताची गोळी घेतली का तेही विचारा. हिमोग्लोबिन तपासून घ्या, रक्त कमी असलेलं काट्यावर दिसत नाही.

सेक्रेटरी: रविवारी दहाला क्लबहाऊस उघडतो. काटा आणतो.

ए-३०२ बाई: येते. जन्मतारखा आणा, वय महिन्यांसकट लागतं. मामांच्या लेकीलाही घेऊन या. आकडे ग्रुपवर कुणी टाकायचे नाहीत, ज्याचे त्याच्या आईबापाच्या हातात देईन.