सीपीसी ६१२८: डिस्क आत असूनही ‘डिस्क मिसिंग’

प्रश्न: अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी ६१२८ (ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक), आतला ३ इंची डिस्क ड्राइव्ह. कॅट (डिस्कवरच्या फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) दिलं की दिवा लागतो, मोटरची घरघर ऐकू येते आणि ‘ड्राइव्ह ए: डिस्क मिसिंग’ येतं. तीन डिस्क बदलून पाहिल्या. ५ आणि १२ व्होल्ट बरोबर मिळतात. कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) गेला असेल का?

उत्तर १: कंट्रोलरला हात लावू नका. मोटर फिरते पण डिस्क फिरत नाही, हेच लक्षण. मधला रबरी पट्टा ढिला पडला किंवा विरघळलाय. डिस्क फिरली नाही की इंडेक्स पल्स (डिस्कच्या दर फेरीला एकदा मिळणारा इशारा) येत नाही, म्हणून यंत्राला ड्राइव्ह रिकामाच वाटतो. चिकट काळा थर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पुल्यांवरून पूर्ण काढा. थोडा जरी राहिला तरी नवा पट्टा घसरतो. पट्टा सपाटच हवा, गोल नको. बोटांचं तेल लागू देऊ नका.

उत्तर २: वरचं सगळं बरोबर, फक्त पट्टा बदलल्यावर वेग तपासा. ३०० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), म्हणजे दोन इंडेक्स पल्समध्ये २०० मिलिसेकंद. पाच मिनिटं चालवून मगच प्रीसेट (वेग जुळवायचा छोटा स्क्रू) फिरवा, तोही अगदी किंचित. जोडणी काढताना एक खबरदारी: या ड्राइव्हच्या पॉवर प्लगमध्ये ५ आणि १२ व्होल्टच्या जागा पीसी फ्लॉपीच्या उलट असतात. पीसीची केबल लावली तर ड्राइव्हचं लॉजिक सर्किट जळतं.

उत्तर ३: त्यानंतरही ‘रीड फेल’ आलं तर हेड (डिस्क वाचणारा भाग) कापसाच्या बोळ्याने पुसा. हेडचे स्क्रू मात्र सैल करू नका, अलाइनमेंट (हेडची नेमकी जागा) जाईल.