'नॉर्मलायझेशन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
डेटाबेसवरचं एक प्रकरण मराठीत आणतोय. 'नॉर्मलायझेशन'ला (तीच माहिती पुन्हा पुन्हा लिहावी लागू नये म्हणून एका तक्त्याचे नीट वेगळे तक्ते करणं) 'सामान्यीकरण' लिहून मोकळा झालो होतो. पुढच्याच पानावर 'जनरलायझेशन' आलं, आणि तिथेही हात 'सामान्यीकरण'च टंकून गेला. आता एकाला हलवायला हवं. 'अनॉमली'ला (तक्ता नीट मांडला नाही की नोंदींत येणारी अडचण) 'विसंगती' चालावं असं वाटतं. जाणकारांनी सुचवावं.

उत्तर
'सामान्यीकरण' जनरलायझेशनलाच राहू द्या, तर्कशास्त्रात ते त्याच अर्थाने रुळलंय. 'प्रमाणीकरण' सुचेल, पण त्याला आधीच दोन संसार आहेत: एक स्टँडर्डायझेशनचा आणि दुसरा ओळख पटवण्याचा. सांख्यिकीत 'प्रसामान्य वितरण' म्हणतात, त्या धर्तीवर 'प्रसामान्यीकरण' होईल. शब्द अचूक आहे, पण वर्गात लागोपाठ तीनदा म्हणून बघा.

मूळ बघायचं तर लॅटिनमध्ये 'नॉर्मा' म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचा. नॉर्मल म्हणजे मुळात 'गुण्यात असलेलं'. गवंडीही भिंत गुण्यात आहे का ते बघतोच. मला हा अर्थ 'सामान्य'पेक्षा कितीतरी जवळचा वाटतो. तक्ता सामान्य करायचा नसतो, गुण्यात आणायचा असतो.

आणखी एक
रिलेशनल डेटाबेसचा सिद्धांत मांडणाऱ्या एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञाने १९७० च्या लेखात नॉर्मलायझेशनची कल्पना मांडली. पुढे एका मुलाखतीत त्याने नावामागची गंमत सांगितली: तेव्हा अध्यक्ष निक्सन चीनशी 'रिलेशन्स नॉर्मलाइझ' करण्याबद्दल बोलत होते. त्यांना जमतं तर मलाही जमेल, असं कॉडला वाटलं. त्याच्या सिद्धांतात तक्त्यालाच 'रिलेशन' म्हणतात. तो शब्द गणितातल्या संचांच्या 'संबंधा'वरून आलाय. तक्ते एकमेकांना जोडलेले असतात म्हणून 'रिलेशनल' ही समजूत सर्रास आढळते, पण ती चूक आहे. मराठी वर्तमानपत्रं 'संबंध सुरळीत करणे' लिहितात. कोटी आपल्याकडेही बसते!

प्रश्नकर्ता
पण निक्सन चीनला गेले १९७२ मध्ये, लेख १९७० चा. जुळतं का?

आणखी एक
बोलणं भेटीच्या आधीपासून सुरू असू शकतं. तरी तळटीप देणार असाल तर 'कॉडने सांगितल्यानुसार' एवढंच लिहा.

उत्तर
'विसंगती'वर माझा आक्षेप आहे. ग्रंथालयाचा एकच तक्ता घ्या: सभासद क्रमांक, सभासदाचं नाव, पत्ता, पुस्तक क्रमांक, पुस्तकाचं नाव, नेल्याची तारीख. ओळ ओळखायची चावी म्हणजे सभासद क्रमांक, पुस्तक क्रमांक आणि तारीख मिळून. आता एका सभासदाने चाळीस वेळा पुस्तकं नेली आणि मग घर बदललं. पत्ता एकोणचाळीस ओळींत बदलला, एक राहून गेली. आता त्याची दोन घरं झाली. याला विसंगती म्हणा, हरकत नाही.

पण नवं पुस्तक आलंय आणि अजून कुणी नेलेलं नाही, तेव्हा ते नोंदवायचं कुठे? चावीतला सभासद क्रमांक रिकामा ठेवता येत नाही. इथे विसंगत असं काहीच नाही, नोंद अडलीय. आणि एखाद्या सभासदाची एकुलती एक ओळ पुसली तर त्याचा पत्ताही तिच्याबरोबर गेला. इथेही दोन गोष्टींत विरोध नाही, माहिती बुडाली. तिन्हींना एकच 'विसंगती' लावली की विद्यार्थी पहिली पाठ करतो आणि उरलेल्या दोन त्याला कळतच नाहीत. मी शिकवताना 'बदलताना फाटे फुटणं, भरताना अडणं, पुसताना बुडणं' म्हणतो, आणि तिन्हींना मिळून 'नोंदींचा घोळ'. 'घोळ' परिभाषेत शोभत नाही म्हणणाऱ्यांचं मी ऐकून घेतो आणि पुढे तेच लिहितो.

कारण मात्र तिन्हींचं एकच. पत्ता फक्त सभासद क्रमांकावर ठरतो आणि पुस्तकाचं नाव फक्त पुस्तक क्रमांकावर, म्हणजे चावीच्या एकेका तुकड्यावर, आणि आपण दोन्ही देवघेवीच्या प्रत्येक ओळीत कोंबलंय. सभासद, पुस्तक, देवघेव असे तीन तक्ते केले की घोळ मिटतो. हे दुसरं नॉर्मल फॉर्म, म्हणजे नॉर्मलायझेशनची दुसरी पायरी. सभासदाच्या तक्त्यात 'वर्ग' आणि 'त्या वर्गाला एका वेळी किती पुस्तकं' हे दोन्ही असेल, तर पुस्तकांची संख्या सभासदावर थेट ठरत नाही, वर्गामार्फत ठरते. तिलाही वेगळा तक्ता दिला की तिसरं. (पहिलं म्हणजे एका रकान्यात एकच मूल्य. त्यावर शब्द खर्चायला नको.)

दुसरं उत्तर
'नॉर्मल फॉर्म'ला 'घडी' का नको? विस्कटलेली घडी बसवणं आपण रोज म्हणतो. पहिली घडी, दुसरी घडी, तिसरी घडी.

उत्तर
कानाला छान वाटतं, पण घडी घालणं म्हणजे दुमडून लहान करणं. इथे आपण एका तक्त्याचे तीन करतोय. नवख्याला वाटेल, सगळं एकात दुमडायचंय.

दुसरं उत्तर
संसाराची घडी बसते तेव्हा कुणी संसार दुमडतं का?

उत्तर
हे मात्र मान्य.

प्रश्नकर्ता
ठरवलं. शीर्षकात 'नॉर्मलायझेशन'च ठेवतो, पहिल्या परिच्छेदात 'तक्त्याची घडी बसवणे' अशी ओळख करून देतो आणि 'अनॉमली'च्या जागी तीन क्रियापदं. 'विसंगती' फक्त पत्त्याच्या उदाहरणापुरती. आता 'डीनॉर्मलायझेशन'? घडी मोडणे?

दुसरं उत्तर
'मोडणे'त चूक झाल्याचा वास येतो. अहवाल पटकन निघावेत म्हणून जाणूनबुजून काही माहिती पुन्हा एकत्र ठेवतात, ती हुकलेली गोष्ट नसते. 'घडी सैल करणे' लिहा.