१९१८ चं दोरीला बांधलेलं हेलिकॉप्टर, हा काय प्रकार आहे?

रिकामटेकडा:
मंडळी, जुने युद्धाचे फोटो चाळत होतो तर एक अजब धूड दिसलं. एकावर एक दोन मोठे लाकडी पंखे, खाली तीन इंजिनं, आणि सगळ्यात वर पिंपासारखी एक टोपली. खाली फक्त 'ऑस्ट्रिया-हंगेरी, १९१८' लिहिलंय. तीन दोरखंडांनी जमिनीला बांधलंय. टेहळणीसाठी होतं म्हणे. आता १९१८ ला विमानं तर होतीच की, मग हे खुंटीला बांधलेलं कशाला पाहिजे होतं? आणि माणूस पंख्याच्या वर का बसवलाय, खाली काय जागा नव्हती का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निवांत नाना:
हे पीकेझेड-२. पेट्रोत्सी, कारमान आणि झुरोवेत्स अशा तिघांच्या नावावरून पीकेझेड, पण हे दुसरं मॉडेल मुख्यतः झुरोवेत्सचं डोकं. कारमान म्हणजे तोच हो, पुढे अमेरिकेत जाऊन रॉकेटवाला झाला, अवकाश कुठून सुरू होतं ती कारमान रेषा त्याच्याच नावाची.

विमानाचं म्हणाल तर ते एका जागी थांबत नाही ना राव. तोफखान्याला पाहिजे असतो तासन्‌तास एकाच ठिकाणी लटकून 'गोळा डावीकडे पडला, जरा उजवीकडे घ्या' असं सांगणारा माणूस, आणि त्याच्यापासून खालपर्यंत थेट टेलिफोनची तार. ते काम बलूनवाले करायचे. पण बलूनमध्ये हायड्रोजन, पेटती गोळी लागली की खेळ खल्लास. बेल्जियमच्या विली कोपन्स या लढाऊ वैमानिकाच्या ३७ शिकारींपैकी जवळपास सगळे नुसते बलून होते, यावरून काय ते समजा. म्हणून मग बलूनच्या जागी न पेटणारं काहीतरी पाहिजे होतं.

माणूस वर अशासाठी की चारी बाजूंना मोकळं दिसावं, मशीनगन पण तिथेच लावायचा विचार होता.

सातारी कंदी:
वर बसवला ते ठीक, पण इंजिन बंद पडलं तर तो उडी कुठून मारणार? खाली दोन पंखे गरगरतायत!! बलूनवाल्याकडे निदान पॅराशूट तरी असायचं.

पंखेवाला:
नानांशी सहमत, थोडी तांत्रिक भर घालतो.

आधीचं पीकेझेड-१ तर इलेक्ट्रिक होतं, चार पंखे आणि १९० हॉर्सपॉवरची ऑस्ट्रो-डायमलरची मोटर, वीज जमिनीवरून केबलने वर. चौथ्या उड्डाणातच मोटर जळाली, आणि युद्धाच्या टंचाईत तसली दुसरी कुठून आणणार. पण कल्पना बघा, आज तारेवर वीज घेऊन तासन्‌तास वर राहणारे ड्रोन येतात ते हेच तर आहे.

पीकेझेड-२ ला आधी १०० हॉर्सपॉवरची तीन इंजिनं होती, ती कमी पडली म्हणून १२० ची बसवली. पंखे ६ मीटर व्यासाचे, एकमेकांच्या उलटे फिरणारे, नाहीतर खालचं धूडच गिरक्या घेत बसलं असतं. दोरखंडाला हसू नका, सगळी गंमत त्यातच आहे. हेलिकॉप्टर कललं की सरळ करायला पंख्याच्या पात्यांचा कोन फिरता फिरता बदलावा लागतो, ते तंत्र इथे नव्हतं. त्यामुळे यांनी सरळ हिशेब केला, वजनापेक्षा जास्त जोर लावून वर ओढायचं आणि दोर ताणून धरायचे, ताण आहे तोवर ते हलत नाही. तसं ते ५० मीटरपर्यंत गेलंही. पण जोर कमी झाला की दोर ढिले आणि दोर ढिले की झोकांड्या सुरू. १० जून १९१८ ला व्हिएन्नाजवळच्या फिशामेंडला अधिकाऱ्यांसमोर दाखवताना नेमकं तेच झालं, इंजिनं नीट चालेनात, खालच्या लोकांच्या हातून दोर सुटले आणि आपटलं. मग युद्धच संपत आलं, कोण पैसे घालणार.

किनारपट्टी:
अवांतर: दोरीवरची टेहळणी नंतर दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पाणबुडीवर चालवून दाखवली, फोके-आख्गेलिस कंपनीचं एफए-३३०. त्याला इंजिनच नाही, पाणबुडी पाण्यावर जोरात पळाली की वाऱ्याने पंखा फिरतो आणि माणूस पतंगासारखा १२० मीटर वर. पाणबुडीच्या डेकवरून जेमतेम ८-१० किलोमीटर दिसतं, वरून ४० च्या आसपास. ऑगस्ट १९४३ मध्ये यू-१७७ या जर्मन पाणबुडीने याच्या मदतीने एक ग्रीक जहाज बुडवलं, तेही आपल्या हिंदी महासागरात, मादागास्करकडे.

सातारी कंदी, तुमची शंका यांना पण आली होती बहुतेक. वर एक खटका होता, तो ओढला की अख्खा पंखा सुटून वर निघून जायचा आणि जाता जाता पॅराशूट ओढून उघडायचा.

सातारी कंदी:
म्हणजे माणूस पाण्यात, आणि पाणबुडी तोवर घाईने बुडी मारून मोकळी? वा रे नोकरी.

रिकामटेकडा:
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. किनारपट्टी, त्या पाणबुडीवाल्याचा वेगळा धागा काढाच.